कुशल मनुष्यबळाचा प्रश्न : जुन्नर-आंबेगावचा धडा

एकीकडे कामाला माणूस मिळत नाही आणि दुसरीकडे माणसाला काम मिळत नाही, ही विसंगती दूर करणारा दुवा म्हणजे कौशल्य होय. कुशल माणसे बाहेरून आणावीत की आपलीच माणसे शिकवून तयार करावीत, हा प्रश्न जसा देशांपुढे आहे तसाच तो तालुक्यांपुढेही आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत त्याची सर्व अंगे पाहावयास मिळतात.

पूर्व आणि पश्चिम

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे पूर्व भागात ऊस, द्राक्षे व टोमॅटोची बागायत वाढली. पश्चिमेच्या डोंगराळ भागातील महादेव कोळी, ठाकर आदी आदिवासी कुटुंबांची शेती मात्र मुख्यतः पावसाच्या भातावर अवलंबून आहे. भात निघाला की अनेक कुटुंबे कामासाठी पूर्वेकडे उतरतात. नारायणगावी मजुरांचा बाजारच भरतो.

द्राक्षबागेतील छाटणी वा विरळणी हे केवळ अंगमेहनतीचे काम नव्हे. कोणता डोळा राखावा, घडात किती मणी ठेवावेत, यावर मालाची प्रत ठरते. परंतु हे ज्ञान असलेल्या मजुराजवळ दाखला नसतो. दाखल्याअभावी त्याची गणना अकुशलांत होते आणि मजुरीही त्याच हिशेबाने ठरते.

मुंबईची वाट

याच परिसरातून, तसेच खेड व मावळातून, मुंबईस गेलेल्यांनी डबेवाल्यांचा व्यवसाय उभारला. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या व्यवसायात नवा माणूस मुकादमाच्या हाताखाली, प्रत्यक्ष काम करीतच शिकतो. आधार व शिक्षण एकत्र मिळाले तर स्थलांतर ही नामुष्की न राहता उन्नतीचा मार्ग ठरते, हेच यातून दिसून येते.

परदेशातील मागणी

जर्मनीसारख्या देशात वृद्धांची संख्या वाढत असून परिचारिका, वीजतंत्री अशा कुशल माणसांची उणीव भासत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला. येथे केवळ हातातील कसब पुरत नाही. तेथील भाषा व तेथील मान्यता मिळविणे आवश्यक असते. मात्र शिकलेली परिचारिका परदेशी गेली आणि गावचे आरोग्य केंद्र रिकामे राहिले, तर तो लाभ अपुराच म्हणावा लागेल. म्हणून जितके जातील त्याहून अधिक तयार करणे, हेच खरे धोरण ठरते.

गावाने काय करावे?

शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून व शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून अस्तित्वात आहे. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत पूर्वीच अवगत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. छाटणी करणाऱ्या स्त्री-पुरुषांना तिचा लाभ मिळवून देण्यासाठी पंचायतीने पुढाकार घ्यावा.

ग्रामपंचायतीने बाहेर जाणाऱ्यांची नोंदवही ठेवावी : कोण, कोठे, कोणत्या कामासाठी व कोणामार्फत गेले. परदेशी नोकरीचे आमिष दाखविणाऱ्याजवळ १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील परवाना आहे काय, हे तपासल्याशिवाय कोणीही पैसे देऊ नयेत. परवानाधारकासही ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.

शिक्षकांची जबाबदारी याहून मोठी आहे. आईबाप हंगामात बाहेर गेले असता मुलाची शाळा सुटली, तर अकुशल मजुरांची दुसरी पिढी तेथेच तयार होते. हंगामी वसतिगृह किंवा शिक्षण हमी पत्रक यांच्या साहाय्याने ते मूल शाळेत टिकविणे, ही कौशल्य विकासाची पहिली पायरी होय. गाव सोडणे वा न सोडणे हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. परंतु कोणासही रिकाम्या हाताने जावे लागू नये, एवढी दक्षता गावाला निश्चित घेता येईल.