बैलाचा शब्बाथ
शास्त्रभाग : अनुवाद ५:१२–१५, २५:४, लूक १३:१०–१७

पोळ्याच्या आदल्या दिवशीं गांवोगांवीं बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जुंवाखालीं घासलेले खांदे ऊन पाण्यानें शेकून त्यांस हळद व तूप चोळतात. आणि पोळ्याच्या दिवशीं त्यांच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. आपण ख्रिस्ती झाल्यावर बैलाची पूजा सोडली, हें योग्यच झालें. कारण पूजा निर्माणकर्त्याची करावी, निर्मिलेल्याची नव्हे. परंतु पूजेबरोबर त्या मुक्या सेवकाची विश्रांति व शुश्रूषाही आपण सोडून दिली काय, हा प्रश्न प्रत्येक शेतकऱ्यानें आपल्या मनास विचारावा.

अनुवादाच्या पांचव्या अध्यायांत शब्बाथाची विश्रांति कोणास द्यावी हें सांगतांना पुत्र, कन्या, दास व दासी यांच्यामागून बैल व गाढव यांचींही नांवें आलीं आहेत. पोळा वर्षांतून एकदां येतो. शब्बाथ दर आठवड्यास येतो. मग रविवारीं आपण मंदिरांत बसून गीतें गावीं आणि आपली जोडी मात्र शेजाऱ्याच्या नांगरास भाड्यानें द्यावी, हें कसें शोभेल? धन्यानें विसावा घेतला व बैलास दिला नाहीं, तर आज्ञा अर्धीच पाळली गेली.

पुढें पंचविसाव्या अध्यायांत मळणीच्या बैलास मुसकें घालण्याची मनाई आहे. आपल्याकडेही पूर्वीं मेढीभोंवतीं बैलांची पात फिरत असे. आतां बहुतेक ठिकाणीं यंत्रानें मळणी होते. तरी आज्ञेचें तत्त्व जुनें झालें नाहीं : ज्याच्या श्रमानें रास उभी राहिली, त्यास त्या राशींतून घांस मिळालाच पाहिजे. कोणी म्हणेल, "पौलानें हें वचन माणसांस लाविलें आहे." खरें आहे (१ करिंथ ९:९, १ तीमथ्य ५:१८). पण त्यामुळें बैलाचा वांटा नाहींसा होत नाहीं. मजुराचा वांटा मात्र अधिक पक्का होतो. शेतांत राबलेल्या बाईची मजुरी उद्यांवर ढकलणारा मनुष्यही मुसकेंच घालतो.

आपल्या प्रभूनें गोठ्यांतील दया तुच्छ मानिली नाहीं. अठरा वर्षें वांकलेल्या स्त्रीस शब्बाथ दिवशीं बरें केलें म्हणून सभास्थानाचा अधिकारी रागावला, तेव्हां प्रभूनें त्यास त्याच्याच दावणीची आठवण करून दिली. जो त्या दिवशीं जनावर सोडून पाण्यावर नेतो, त्याला या स्त्रीच्या सुटकेचें वाईट कां वाटावें?

१९६५ सालच्या सरकारी नियमांप्रमाणें ओढकामाच्या जनावरास दिवसांतून ९ तासांहून अधिक, किंवा विसाव्यावांचून सलग ५ तासांहून अधिक जुंपूं नये; आणि उष्णता ३७ अंशांवर गेली असतां दुपारीं १२ ते ३ पर्यंत जुंपणें मना आहे. ऊस वाहणाऱ्या गाडीवान बंधूंनीं हें ध्यानांत ठेवावें. दुसरे दंडाच्या भयानें जें करितील, तें आपण कृतज्ञतेनें करावें.

आज सायंकाळच्या प्रार्थनेपूर्वीं एकदां गोठ्यांत जा. खांदेसूज आली आहे काय, गव्हाणींत वैरण आहे काय, हें पाहा. मग येऊन भाकरीबद्दल देवाचे आभार माना. ती प्रार्थना लहान असली तरी खरी होईल.

शिक्षकांनीं विचारावयाचे प्रश्न :
१. शब्बाथाच्या आज्ञेंत कोणकोणाच्या विश्रांतीचा उल्लेख आहे?
२. मुसक्याची आज्ञा पौलानें कोणास लाविली, व कां?
३. या आठवड्यांत कोणाचा वांटा आपणाकडे राहिला आहे?