हात पोचेल तिथे ठेवा

कोनहून कल्याणला जाताना दुर्गाडीचा पूल लागतो. तिथल्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही-आम्ही रोज अडकतो. पुढच्या वेळी अडकलात की जरा खाली खाडीकडे बघा. महाराजांच्या आरमाराची सुरुवात याच कल्याण-भिवंडीच्या खाडीत झाली. म्हणून आजचा धडा बोटीचा. बोट मात्र अलीकडची, आणि तिच्यावर माणूस एकच.

अभिलाष टॉमी, तेव्हा आपल्या नौदलातले अधिकारी. २०१८ साली ते गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची, तीही १९६८ सालच्या पद्धतीने. जीपीएस सीलबंद पेटीत, फक्त संकटात उघडायचं. त्यांची बोट ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली. ती ज्या ‘सुहैली’वरून बेतली, ती मूळ बोट आपल्या मुंबईत बांधलेली आणि १९६९ साली हीच शर्यत जिंकलेली.

२१ सप्टेंबर २०१८. दक्षिण हिंदी महासागर, ऑस्ट्रेलियातलं पर्थ जवळजवळ १,९०० सागरी मैलांवर. टॉमी तिसऱ्या नंबरवर होते. वादळात थुरिया पूर्ण उलटून परत सरळ झाली, डोलकाठ्या मोडल्या, आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. उठता येईना. खाल्लं-प्यायलेलं पोटात ठरेना.

आता इथे नीट लक्ष द्या. बोटीवर आपत्कालीन पिशवी होती. सॅटेलाइट फोनसकट. शर्यतीच्या नियमाप्रमाणे सगळं होतं. पण टॉमी आडवे पडलेले, आणि पिशवीपर्यंत जाणंच मुश्किल! हाताशी राहिलं ते मेसेज पाठवायचं छोटं यंत्र. त्यावरून तुटक शब्दांत त्यांनी कळवलं. बोट कुठे आहे हे ट्रॅकरमुळे किनाऱ्यावरच्या लोकांना आधीच माहीत होतं. नौदलाच्या विमानाने बोट शोधली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं.

या गोष्टीवरून बरेच जण ‘हिंमत हरू नका’ सांगतात. बरोबरच आहे. पण पाठ मोडलेला माणूस नुसत्या हिंमतीवर उठून पिशवी आणू शकत नाही. आपण सगळी तयारी उभ्या माणसासाठी करतो, आणि संकटात माणूस आडवा असतो.

आपल्या बॅचमधल्या एकाचा कोनला गाळा आहे. कपड्यांचं पॅकिंग करून माल पाठवतो. पावसात बाईक घसरली, तीन आठवडे बिछान्यावर. खात्यात पैसे होते, ऑर्डर होत्या, कामगार दारात उभे होते. पण सही त्याची एकट्याची, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि फोन बाईकसोबत फुटलेला. पासवर्ड डायरीत, डायरी गाळ्यातल्या कपाटात, किल्ली कुठे ते फक्त त्याला माहीत. वहिनी दवाखान्यात बसून फोनवर विचारतायत आणि हा भुलीच्या गुंगीत. शनिवारचा पगार उधारीवर झाला. जीएसटीची २० तारीख गेली. दिवसाला ५० रुपयांपर्यंत लेट फी, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. ही रक्कम सोसली त्याने. कायमचा एक व्यापारी मात्र तुटला, कारण माल कधी येईल हे सांगायलाच कोणी नव्हतं.

उपाय महागडे नाहीत. बँकेत जाऊन घरच्या एका माणसाला खातं चालवायचा लेखी अधिकार द्या. ‘सर, नॉमिनी टाकलाय की’ असं प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी म्हणतंच. अहो, नॉमिनीचं काम तुम्ही गेल्यावर, आणि इथे तुम्ही जिवंत आहात! जीएसटी पोर्टलवर दुसरा अधिकृत सहीदार जोडता येतो. जुन्या नंबरचं डुप्लिकेट सिम कसं घ्यायचं हे घरात कोणाला तरी ठाऊक असू द्या. चालू ऑर्डरींचा ट्रॅकर म्हणजे एक साधी वही: कोणाचा माल, किती, कधी द्यायचा. ती रोज संध्याकाळी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका.

आणि शेजारच्या गाळेवाल्याशी बोलणं ठेवा, भले तो तुमच्याच धंद्यात असो. टॉमींच्या दिशेने निघालेल्यांत त्याच शर्यतीतला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन होता. त्याचीही बोट उलटली होती, डोलकाठ्या गेल्या होत्या. तात्पुरतं शीड उभारून तो निघाला. पुढे त्यालाही ओसिरिसनेच उचललं.

टॉमींच्या कण्यात धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. २०२२ साली ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

आता गृहपाठ. येत्या रविवारी दोन तास आडवे पडा, मोबाईल बंद करून दुसऱ्या खोलीत. घरच्यांना सांगा, ‘आज गाळा तुम्ही चालवा, एक डिलिव्हरी काढा, एक पेमेंट करा.’ ते जितक्या वेळा विचारायला येतील तो प्रत्येक प्रश्न कागदावर लिहा. मी हे शिकवतो, तरी आमच्या घरी पहिल्या रविवारी अकरा प्रश्न निघाले. पहिलाच होता, ‘अहो, शटरची दुसरी चावी कुठंय?’