सुधावर्ग व विद्राव्य कॅल्शियम : मात्रेचा विचार

शंख, शुक्ती, कपर्दिका व प्रवाळ ही सुधावर्गातील द्रव्ये मूलतः कॅल्शियम कार्बोनेटच होत. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यास जाठर आम्लाचे साहाय्य लागते. लॅक्टेट व ग्लुकोनेट ही लवणे पाण्यात विरघळतात, म्हणून पेये व पातळ औषधांत त्यांची योजना होते. परंतु कार्बोनेटमध्ये कॅल्शियम 40 टक्के, तर लॅक्टेटमध्ये 13 व ग्लुकोनेटमध्ये केवळ 9 टक्के असते. लॅक्टेटच्या 300 मिलिग्रॅमच्या गोळीतून जेमतेम 39 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते! वेष्टनावरील आकडा लवणाचा की कॅल्शियमचा, हे पाहिल्यावाचून गोळी लिहून देऊ नये. सायट्रेट (21 टक्के) पाण्यात फारसे विरघळत नाही, तरी आम्ल अल्प असताही शोषले जाते. अम्लपित्तासाठी दीर्घकाळ पँटोप्राझोल घेणाऱ्या रुग्णास तेच बरे.

आपल्याकडील विद्राव्य कल्प म्हणजे चूर्णोदक. 250 मिलिग्रॅम चुना 60 मिलिलिटर पाण्यात टाकला तरी त्यातील सुमारे 100 मिलिग्रॅमच विरघळतो. वरच्या निवळीत कॅल्शियम साधारण 55 मिलिग्रॅम येते. अम्लशमनास ते उपयुक्त आहे, पोषणास अपुरे. निंबूरसात शंखाचे स्वेदन करताना जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. त्या वेळी सायट्रेट बनतेही, पण बहुतांशी रसाबरोबर व धुण्यात निघून जाते.

गोंदिया जिल्ह्यात हा हिशेब विशेष महत्त्वाचा आहे. येथील मुख्य अन्न भात. शंभर ग्रॅम सडलेल्या तांदळात कॅल्शियम जेमतेम 10 मिलिग्रॅम, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. पण नाचणी येथे ताटात क्वचितच दिसते. बोडीतले लहान मासे काट्यांसह खाणाऱ्या घरांची स्थिती त्या मानाने बरी. आहारात कॅल्शियम अल्प असणाऱ्या गर्भिणीस ते पूरक दिल्याने प्री-एक्लॅम्पसियाचा धोका घटतो. म्हणूनच 2014 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत चौदाव्या आठवड्यापासून 500 मिलिग्रॅम कॅल्शियम दिवसातून दोनदा, व प्रसूतीनंतरही सहा महिने, देण्यास सांगितले आहे.

ही गोळी बंद करवून शंखभस्म देणे आम्हांस मान्य नाही. 250 मिलिग्रॅम भस्मातून सुमारे 100, व चुन्याचा अंश अधिक असल्यास फार तर 175 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. ती तूट भरून काढण्यासाठी मात्रा वाढवीत गेल्यास भस्माची तीक्ष्णता बाधते. शूल, ग्रहणी व अम्लपित्त यांत शंखभस्माचे स्थान निर्विवाद आहे. तेथेच ते योजावे.

गर्भिणीस कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घेण्यास सांगावे, आणि लोहाची गोळी तिच्यापासून किमान दोन तासांच्या अंतराने. दोन्ही एकदम घेतल्यास लोहाचे शोषण घटते, आणि पांडू हटत नाही म्हणून औषधालाच दोष लागतो. खर्रा खाण्याची सवय आहे का, हेही विचारावे. त्यातला चुना ‘कॅल्शियमच’ आहे, असे समर्थन आम्ही अनेकदा ऐकले आहे. तो चुना तोंडाची त्वचा जाळतो, हाडास पोसत नाही.