मूल होत नसेल तर पुरुषाचाही थायरॉईड तपासा

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की बोट सुनेकडेच दाखवले जाते. तिच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, कुठे अंगारे-धुपारेही होतात. नवऱ्याची मात्र एकही तपासणी होत नाही. खरे तर मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते. त्यांपैकी सहज तपासता येणारे आणि गोळ्यांनी आटोक्यात येणारे एक कारण म्हणजे थायरॉईडचा बिघाड. आज तोच समजून घेऊ.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्या संप्रेरकांवर, म्हणजे हार्मोनवर, सगळ्या शरीराचा वेग चालतो. हा आजार बायकांत जास्त दिसतो हे खरे. पण तो पुरुषांनाही होतो.

थायरॉईड कमी पडला तर : थकवा, वजन वाढणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, सुस्ती. सोबत कामेच्छा कमी होते, ताठरता येत नाही, टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन घटते आणि शुक्राणूंचा आकार बिघडू शकतो.

थायरॉईड जास्त झाला तर : छातीत धडधड, हात थरथरणे, घाम, भूक असूनही वजन घटणे. शीघ्रपतन होऊ शकते, शुक्राणूंची हालचाल मंदावते, काहींची छातीही वाढते.

अशा वेळी अनेक जण 'मर्दानी ताकदी'ची औषधे घेतात किंवा जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन टोचून घेतात. हे धोक्याचे आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की शरीर स्वतःचे शुक्राणू बनवणेच कमी करते, कधी थांबवतेही.

तपासणी कोणती? रक्ताची टीएसएच तपासणी आणि सोबत वीर्यतपासणी. टीएसएचच्या रिपोर्टने गोंधळू नका. टीएसएच हा थायरॉईडला कामाला लावणारा मेंदूकडचा हुकूम. थायरॉईड कमी काम करू लागला की हुकूम वाढतो. म्हणून टीएसएच वाढलेला असेल तर बहुधा थायरॉईड कमी पडतो आहे, आणि फार घटलेला असेल तर तो जास्त झाला आहे. वीर्यतपासणीआधी 2 ते 7 दिवस संबंध टाळावा लागतो.

गोळी कशी घ्यावी? थायरॉईड कमी असेल तर डॉक्टर रोजची गोळी देतात. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर निदान अर्धा तास चहा-नाश्ता नको. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीत 4 तासांचे अंतर ठेवावे. साधारण 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

धीर मात्र हवा. नवा शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे थायरॉईड ताळ्यावर आल्यावरही वीर्यातला फरक दिसायला तीन महिने किंवा अधिक काळ जातो. फरक पडला नाही, तर तंबाखू, दारू, अंडकोषातील फुगलेल्या शिरा अशी इतर कारणे डॉक्टर शोधतात.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर नवरा-बायकोने एकाच दिवशी दवाखान्यात जावे आणि केसपेपर दोघांच्याही नावाने काढावा. पुरुषाने तपासून घेण्यात कमीपणा नाही. एका रक्ततपासणीने कारण सापडू शकते आणि बाईच्या वाट्याला येणारे वर्षानुवर्षांचे टोमणेही टळू शकतात.