जुन्या ट्रकच्या एसीतील गॅसगळती

प्रश्न : जुन्या ट्रकच्या एसीत गॅस भरूनही महिन्याभरात थंडावा जातो. गळती कशी शोधावी?

उत्तर : शीतक, म्हणजे बोलीतला ‘गॅस’, बंद मंडलात फिरतो आणि वापराने संपत नाही, त्यामुळे गळती न शोधता तो पुन्हा भरणे हा निव्वळ अपव्यय होय. शीतकाबरोबर कंप्रेसरचे वंगणतेलही फिरत असल्याने गळतीच्या जागी तेलकट धूळ चिकटते, आणि जुन्या वाहनात ती बहुधा कंप्रेसरच्या शाफ्टचे सील, होजचे दाबून बसवलेले जोड, कडक झालेल्या ओ-रिंग किंवा खडी लागलेला कंडेन्सर येथे दिसते. इव्हॅपोरेटर, म्हणजे केबिनची उष्णता शोषणारी जाळी, डॅशबोर्डमागे दडलेला असतो. त्यासाठी मंडलात शीतक शिल्लक असतानाच, पंखा बंद करून, इलेक्ट्रॉनिक शोधक पाणी निचरणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरावा, कारण शीतक हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते. एवढ्यानेही छडा न लागल्यास उरलेले शीतक यंत्राने काढून घ्यावे, कोरडा नायट्रोजन दाबाखाली भरावा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. नायट्रोजनऐवजी साधी हवा भरण्याची काही गॅरेजांतील पद्धत घातक आहे : हवेबरोबर आर्द्रता आत शिरते, शिवाय आर-१३४ए हे शीतक दाबाखालील हवेत मिसळल्यास पेट घेऊ शकते.