गणित पुन्हा जुळावे म्हणून

शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकाच्या नोंदी दोन विद्यार्थ्यांनी एकाच वहीतून उतरून घेतल्या व जून महिन्याची दैनिक सरासरी काढली. उत्तरे मात्र दोन आली. शोधाअंती कळले की, नोंद राहून गेलेले दिवस एकाने शून्य धरले होते, तर दुसऱ्याने वगळले होते. (आमच्या मते वगळणेच योग्य, न मोजलेला पाऊस म्हणजे न पडलेला पाऊस नव्हे.) आपण काय केले हे दोघांनीही कोठे लिहून ठेवले नव्हते, ह्याचे आम्हांस अधिक वाईट वाटले.

असा प्रमाद थोरांच्या हातूनही घडतो. इ. स. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय कर्ज व आर्थिक वाढ ह्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी खर्च कमी करावा असे म्हणणारे देशोदेशीचे लोक त्याचा आधार घेऊ लागले. २०१३ साली टॉमस हर्न्डन ह्या अमेरिकन विद्यार्थ्याने मूळ एक्सेल पत्रक मिळवून पाहिले, तो सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले! इतर दोषही निघाले, आणि अतिकर्जबाजारी देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का नव्हे, तर २.२ टक्के भरली. पत्रक मागताच लेखकांनी ते दिले, म्हणूनच हे कळले.

माहिती, आकडेमोड व विवेचन एकाच फाईलीत राहिले, तर अशी तपासणी सुलभ होते. त्यासाठी आम्ही ईमॅक्स हा मजकूर-संपादक सुचवितो. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८५ साली प्रसृत केलेला ग्नू ईमॅक्स विनामूल्य मिळतो. कार्स्टन डोमिनिक ह्या खगोलशास्त्रज्ञांनी २००३ साली रचलेली 'ऑर्ग' ही जोडणी त्याच्यासमवेतच येते. देवनागरी लिहावयाची असल्यास २०२० सालची २७ वी आवृत्ती अथवा तिच्या नंतरचीच घ्यावी. जोडाक्षरे नीट दिसतात.

नवशिका अडतो तो पुढे. ऑर्गच्या फाईलीत लिहिलेली पायथॉनची आज्ञावली प्रारंभी चालतच नाही, कारण ईमॅक्सच्या स्वतःच्या लिस्प भाषेखेरीज अन्य भाषा त्यात बंद असतात. पायथॉन संगणकावर निराळा बसवावा, आणि 'इनिट' नामक मांडणीच्या फाईलीत त्या भाषेचे नाव नोंदवावे. मग आज्ञावलीवर कर्सर ठेवून कंट्रोल व सी ह्या कळा एकत्र दोनदा दाबल्या की उत्तर तिच्याखालीच उमटते. तत्पूर्वी ईमॅक्स 'चालवू का?' असे विचारतो. हा प्रश्न त्रासदायक वाटतो खरा, पण तो बंद करू नये. परक्याने पाठविलेल्या फाईलीतील आज्ञा आपल्या फाईली पुसूनही टाकू शकते.

मूळ नोंदींना हात लावू नये. दुरुस्ती आज्ञावलीतच करावी. ईमॅक्स व पायथॉन ह्यांच्या आवृत्त्यांचे क्रमांक फाईलीच्या आरंभी लिहावेत. शेवटी सारी उत्तरे पुसून, शक्य तर दुसऱ्याच्या संगणकावर, फाईल पहिल्यापासून चालवून पाहावी.

आमच्या त्या दोघांनी आता एकच फाईल केली आहे. दोन्ही रीतींनी काढलेल्या सरासऱ्या तीत एकाखाली एक उभ्या आहेत, आणि वाद अद्याप चालू आहे.