लेखकांच्या हक्कांसाठी

एखाद्या कवीचा संग्रह छापला गेला व हजारो लोकांनी तो विकत घेतला, तर त्या उत्पन्नाचा काही वाटा कवीस मिळावा, हे उघड आहे. परंतु तो किती वर्षे मिळावा? कवीच्या मागे त्याच्या मुलाबाळांस मिळावा काय? हे सारे कायदा ठरवितो. लेखकाच्या या अधिकारास स्वामित्वहक्क म्हणतात. अमेरिकेतील या कायद्याची नवी घडी बसविण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्या बार्बारा रिंगर.

त्यांचा जन्म १९२५ साली इंडियाना राज्यात झाला. आईवडील दोघेही सरकारी वकील. आईने मिशिगन विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले, तेव्हा वर्गात ती एकटीच स्त्री होती! बार्बाराही १९४९ साली कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन वॉशिंग्टन येथील स्वामित्वहक्क कचेरीत दाखल झाल्या. ही कचेरी अमेरिकन संसदेच्या प्रचंड ग्रंथालयाचा एक विभाग आहे.

त्या काळी तेथे १९०९ सालचा कायदा चालू होता. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून २८ वर्षे हक्क लेखकाचा. पुढे अर्ज केला तरच आणखी २८ वर्षे. अर्ज राहून गेला की हक्क संपला! बार्बाराबाईंनी या व्यवस्थेची बारकाईने छाननी केली, तेव्हा शंभरांतील पंधरा हक्कांचेसुद्धा नूतनीकरण होत नसल्याचे आढळले. नवा कायदा हवा होता. परंतु लेखक, प्रकाशक, ग्रंथपाल, शिक्षक, चित्रपटनिर्माते या सर्वांची मने वळविणे सोपे नव्हते. त्या कामी त्यांची वीसहून अधिक वर्षे गेली. याच काळात त्या जॉर्जटाउन विद्यापीठात कायदाही शिकवीत. तेथील कायद्याच्या अंशकालीन प्राध्यापकांत त्या पहिल्याच स्त्री होत.

१९७१ साली कचेरीचे प्रमुखपद रिकामे झाले. अनुभव आणि विद्वत्ता या दोन्ही बाबतींत बाईंची योग्यता मोठी होती. तरी नेमणूक दुसऱ्याची झाली. कचेरीतील कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना बढती मिळावी म्हणून त्या आग्रह धरीत, ही गोष्टही वरिष्ठांस रुचली नव्हती. आपण स्त्री आहोत आणि या सहकाऱ्यांची बाजू घेतो, म्हणून आपणांस डावलले, अशी तक्रार त्यांनी गुदरली. प्रकरण न्यायालयात गेले. ग्रंथालयाने स्वतःचेच नियम पाळले नाहीत, असे ठरवून न्यायालयाने १९७३ साली ती नेमणूक रद्द केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बार्बारा रिंगर प्रमुख झाल्या.

त्यांचा कायदा १९७६ साली मंजूर झाला व १९७८ च्या प्रारंभापासून अमलात आला. नव्या ग्रंथांसाठी अर्जाची जुनी अट गेली. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ५० वर्षे राहू लागला. १९९८ साली ही मुदत ७० वर्षांची झाली. मात्र वाचकासही त्या कायद्याने वाऱ्यावर सोडले नाही. शिक्षकाने वर्गासाठी एखाद्या लेखाच्या प्रती काढणे, टीकाकाराने उतारा देणे, असा रास्त उपयोग करण्यास त्यात मोकळीक ठेवली आहे.

१९८० साली बाई निवृत्त झाल्या. पुढे १९९३ साली प्रमुखपद पुन्हा रिकामे झाले, तेव्हा काही काळ ते सांभाळण्यासाठी ग्रंथालयाने त्यांनाच बोलावून घेतले.